दुसरा नंबर

शहरातल्या निम्म्या उंच इमारतींतली पोरं त्याला वरखालीकाका म्हणायची. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये कुणी अडकलं की हा वरच्या मजल्यावरून ओरडायचा, "घाबरू नका, एखादं गाणं म्हणा! दुसरं कडवं यायच्या आत दार उघडतो!" आणि बहुतेक वेळा उघडायचाही. त्याच्या बायकोचं घराखालीच बायकांचे केस कापायचं दुकान होतं, एका खुर्चीचं. मूल झालं नाही. त्याचं रडून झाल्यावर दोघांनी एकमेकांनाच लाडावून ठेवलं होतं.

पोटात दुखतं म्हणून त्यानं कितीतरी महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चघळल्या. तिनं मागे लागून तपासणी करवली, तेव्हा मोठ्या आतड्यातला कॅन्सर यकृतात पोचलेला होता. मग ऑपरेशन झालं. एक औषध झालं, दुसरं झालं, तिसऱ्यानं तळहातांची सालं निघाली आणि स्कॅनमधले डाग मात्र जागचे हलले नाहीत, उलट वाढले. नेहमीच्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आमच्याकडचं संपलं," ते म्हणाले. "मोठ्या हॉस्पिटलात एक नवा प्रयोग सुरू होतोय. विचारून बघा."

तिथल्या डॉक्टरबाई बुटक्या, कमी बोलणाऱ्या आणि डोळ्याला डोळा भिडवून बघणाऱ्या होत्या. त्यांनी दोघांना बसवलं आणि आधी दार लावून घेतलं.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "हे अजून औषध नाही. माणसांवर पहिल्यांदाच करून बघतोय. तुमच्या रक्तातल्या काही पेशी आम्ही काढून घेणार, लॅबमध्ये त्यांच्यात बदल करणार, म्हणजे कॅन्सरच्या पेशी त्यांना ओळखता येतील. मग त्या वाढवायच्या, गोठवून ठेवायच्या आणि वेळ आली की तुम्हाला परत द्यायच्या."

"म्हणजे माझेच शिपाई काढून न्यायचे, त्यांना चोराचा फोटो दाखवायचा आणि परत घरात सोडायचे," तो म्हणाला.

"साधारण तसंच."

"आणि त्यांनी माझ्याच घरात धुडगूस घातला तर?"

"तेच बघायचंय," डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "पहिल्या गटाला डोस अगदी कमी देतो. फायदा व्हावा म्हणून नव्हे, हे शरीराला सोसतं की नाही ते कळावं म्हणून."

"पण थोडातरी होईल ना फायदा?" तिनं विचारलं.

"हो म्हटलं तर मी खोटी ठरेन, ताई."

घरी येताना त्याचा धाकटा भाऊ गाडी चालवत होता. "वहिनी, असल्या भानगडीत पडू नका," तो म्हणाला. "दादावर उंदरासारखे प्रयोग करणार." मागच्या सीटवरून नवरा म्हणाला, "उंदराला निदान विचारत नाहीत रे. मला बाईंनी खुर्ची देऊन विचारलं." आणि तिथेच ते ठरलं.

पेशी काढायच्या खोलीत दोन पलंग होते आणि प्रत्येकाशेजारी वॉशिंग मशीनएवढं एक यंत्र फिरत होतं. शेजारच्या पलंगावर एक उंच, हडकुळे गृहस्थ पडले होते. भूगोल शिकवून रिटायर झालेले मास्तर. त्यांचा कॅन्सर जठरातून पोटाच्या अस्तरावर पसरला होता. सोबत मुलगी होती, बँकेत नोकरी करणारी, सतत मोबाईल उलटा ठेवणारी आणि पुन्हा सुलटा करणारी.

दोन्ही पुरुषांचे दोन्ही हात नळ्यांना बांधलेले, त्यामुळे तोंडं मोकळी सुटली.

"तुम्ही काय करता?" मास्तरांनी विचारलं.

"माणसांना वर नेतो आणि खाली आणतो."

"मी चाळीस वर्षं पोरांना जगभर फिरवलं. नकाशावर. कुणी कुठे पोचलं नाही."

"माझी पोचली हो मास्तर! नवव्या मजल्यापर्यंत तर नक्कीच."

मास्तर इतके हसले की यंत्र बीप करायला लागलं आणि नर्स धावत आली. त्या हसण्यात मुलीनं पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवला. दुपारी त्याच्या बायकोनं आणि मास्तरांच्या मुलीनं कँटीनमध्ये एकाच टेबलावर चहा घेतला. मुलगी म्हणाली, "किती दिवसांनी हसले बाबा." तिला ती पोर तेव्हा फार आवडली होती.

मग कळलं की पेशंट एका वेळी एकच. पहिल्याला पेशी दिल्या की महिनाभर त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं. तो सुखरूप राहिला तरच दुसऱ्याला द्यायच्या. नंबर पहिला वरखालीकाकांचा होता, पण लॅबमधून निरोप आला की त्याच्या पेशी सावकाश वाढताहेत. मास्तरांच्या तयार झाल्या होत्या.

"माझ्यासारख्याच आळशी," तो म्हणाला. "जाऊ दे मास्तरांना पुढे. वयानं मोठे आहेत."

तिनं चेहरा पाडून मान हलवली खरी, पण आतून तिला हायसं वाटलं होतं. पहिला नंबर आपल्या माणसाचा नको. आधी दुसऱ्या कुणाला तरी जाऊ दे, काय होतं ते दिसू दे. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात? कुठल्याही बायकोला तसंच वाटलं असतं.

मास्तरांना पेशी दिल्या त्या दिवशी दोघं मुद्दाम हॉस्पिटलला गेली. काचेपलीकडे मास्तर उशीला टेकून बसले होते. चहाच्या दोन घोटांएवढं काहीतरी पिशवीतून त्यांच्या हातात उतरलं आणि संपलं. त्यांनी अंगठा वर केला. "एवढंच?" नवरा म्हणाला. "मला वाटलं निदान बँड तरी वाजेल."

त्यानंतर ती रोज सकाळी नर्सला फोन करायची. "मास्तर कसे आहेत?" बरे आहेत म्हटलं की दुकान उघडायची आणि दिवसभर तिची कात्री हलकी चालायची. कालपरवापर्यंत ओळखही नसलेल्या या माणसासाठी तिनं देव पाण्यात घातले होते. त्यांनी जेवावं, त्यांना झोप लागावी, त्यांचा ताप साधा निघावा. नवऱ्याच्या पेशीही एव्हाना तयार झाल्या होत्या, त्याच्या नावाची चिठ्ठी लावून उणे किती तरी अंशांवर ठेवलेल्या.

एका सकाळी रक्त तपासायला म्हणून दोघं गेली तर नर्सनं नजर चुकवली. वॉर्डातला मास्तरांचा पलंग रिकामा होता, चादर ओढून घेतलेली.

"आयसीयूत हलवलंय," नर्स म्हणाली. "ताप खूप चढला, ब्लडप्रेशर उतरलं. काल संध्याकाळपासून ते मुलीला ओळखत नाहीत."

"म्हणजे पेशींनी..."

"पेशी कामाला लागल्या की असं होऊ शकतं. इतकं होईल असं वाटलं नव्हतं. डोस तर अगदीच थोडा होता."

नवऱ्याला रक्त द्यायला बसवून ती आयसीयूकडे गेली. बाहेरच्या बाकावर मुलगी बसली होती. केस विस्कटलेले, पायात घरातल्या सपाता. तिच्याजवळ बसत ती म्हणाली, "बाळा, काय म्हणतात डॉक्टर? ताप उतरेल ना लवकर?"

"माहीत नाही."

"नाही, म्हणजे किती दिवस म्हणतात साधारण? महिना तर आता होतच आला होता..."

मुलीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "काकू, तुम्ही बाबांची चौकशी करताय की रांगेची?"

कुणी भर रस्त्यात अंगावरची शाल ओढावी तसं तिला झालं. तिनं मुलीच्या खांद्यावर ठेवायला उचललेला हात परत मांडीवर ठेवला. थोडा वेळ तशीच बसली, कारण लगेच उठणं त्याहून वाईट दिसलं असतं. मग उठून गेली. जिन्यात मध्येच थांबून तिनं कठड्याला धरलं. राग आला होता तो त्या पोरीचा नव्हे. पोर बोलली त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

प्रयोग थांबला. बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती होती, ती सगळं तपासणार होती. मास्तरांना एवढं का झालं ते समजेपर्यंत दुसऱ्या कुणाला काही द्यायचं नाही. डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "बरोबर आहे. लिफ्ट एकदा घसरली की दोर तपासल्याशिवाय माणूस चढवायचा नसतो."

"तुम्ही त्यांची बाजू काय घेताय!" ती फिसकारली.

"बाजू कसली? धंद्यातली गोष्ट सांगितली."

समिती बसली, उठली, आणखी कागद मागवले, परत बसली. आणि त्या दिवसांत त्याचे डोळे पिवळे झाले. आधी तिला वाटलं, दुकानातल्या ट्यूबलाइटचा रंग असेल. त्याला दारात उजेडाला नेऊन हनुवटी वर करून पाहिलं. तो म्हणाला, "केस कापायचेत की गळा?" लघवी चहासारखी व्हायला लागली, रात्रंदिवस अंगाला खाज सुटली. हॉस्पिटलात पित्ताच्या नळीत आतून एक बारीक नळी घालून पाहिली. कावीळ थोडी उतरली, पुन्हा चढली. यकृतच गाठींनी भरत आलं होतं, नळी तरी काय करणार.

त्याच सुमाराला मास्तर शुद्धीवर आले. औषधं लागू पडली, ताप उतरला, त्यांनी मुलीला हाक मारली आणि पाणी मागितलं. समितीनं ठरवलं की डोस आणखी कमी करून पुढे जायला हरकत नाही. नर्सनं फोनवर हे सांगितलं तेव्हा तिनं रिसीव्हर ठेवला आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचे केस अर्धवट सोडून वर धावली. "अहो, प्रयोग पुन्हा सुरू! तुमचा नंबर आला!"

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. वळला. चेहरा पिवळा धमक, आणि त्यात हसू. "चला," तो म्हणाला. "बूट शोध माझे."

पण तपासण्यांचे आकडे आले आणि डॉक्टरबाईंनी दोघांना त्याच खोलीत बसवून दार लावून घेतलं. दार लावलं तेव्हाच तिला कळलं.

"कावीळ ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर गेलीय," त्या म्हणाल्या. "अशा यकृतावर हे दिलं तर मास्तरांना झालं त्याच्या निम्मंही यांना सोसणार नाही."

"त्यांच्या पेशी तयार आहेत ना?" तिनं विचारलं.

"आहेत."

"चांगल्या आहेत?"

"उत्तम आहेत."

"मग द्या! त्यांच्याच आहेत, दुसऱ्या कुणाच्या नाहीत. त्यांच्या त्यांना द्यायला कुणाची परवानगी लागते? मी सही करते, काही झालं तर आम्ही जबाबदार. तुम्ही म्हणाल तिथे सही करते!"

"ताई, सहीनं यकृत बदलत नाही."

"मग आधीच का नाही दिल्या? चांगला चालत होता हा माणूस! जिने चढत होता! एक म्हातारा मध्ये आला आणि..."

"अगं," तो म्हणाला. एवढंच. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. डॉक्टरबाईंनी टेबलावरून पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते, पण आवाज तोच राहिला. "कावीळ उतरली तर मी स्वतः फोन करीन," त्या म्हणाल्या. "पण ती उतरेल असं मला वाटत नाही. हे तुमच्यापासून लपवणार नाही."

शेवटचे आठवडे त्यानं घरीच काढले. दीर येऊन रोज त्याला आंघोळ घालायचा, दाढी ती करायची. जेवण सूपवर आलं, सूप चमच्यांवर. एका दुपारी तो म्हणाला, "मास्तरांना फोन लाव."

"कशाला?"

"लाव तर."

तिनं लावला आणि फोन त्याच्या कानाशी धरला. मास्तरांचा आवाज तिला ऐकू येत होता, खोल विहिरीतून यावा तसा.

"काय मास्तर, ऐकलं की फार फिरून आलात."

"आलो खरा. कुठे गेलो होतो ते आठवत नाही. भूगोलाच्या माणसाला शोभत नाही हे."

"पुढच्या माणसाला सांगा ना, रस्ता कसा आहे ते."

मग मास्तर म्हणाले, "तुमचा नंबर माझ्यामुळे..."

"हॅ! लिफ्टमध्ये आधी चढलेल्यानं नंतरच्याची माफी मागायची नसते. जेवताय ना? जेवा." आणि त्यानं डोळ्यांनीच तिला फोन बंद करायला सांगितलं. "त्या पेशी मला द्यायला हव्या होत्या गं," तो छताकडे बघत म्हणाला. एवढ्या आजारपणात स्वतःसाठी त्यानं तक्रार केली ती ही एकच, आणि तीही भिंतीला सांगावी तशी. तिनं त्याचा हात धरला.

तो एका रविवारी सकाळी गेला. भाऊ पेपर वाचून दाखवत होता, ती गादीच्या कडेला बसून त्याचे पाय चोळत होती. पान उलटून भावानं वर पाहिलं तर दादा ऐकत नव्हता.

पुढचे काही आठवडे ती दुकानात गेली, घरी आली. शिजवलं तर जेवली. मग नर्सचा फोन आला. आडवळणानं, चाचरत ती म्हणाली, "काकू, त्यांच्या पेशी अजून आमच्याकडे आहेत. त्यांचं काय करायचं ते तुम्हाला विचारावं लागतं."

तिला आधी कळेचना. तो जळून गेला होता. राखसुद्धा घरात राहिली नव्हती. आणि फोनवर कुणीतरी सांगत होतं की त्याचं काहीतरी अजून शिल्लक आहे.

ती गेली. डॉक्टरबाईंनी तिला लॅबच्या काचेपर्यंत नेलं. आत हंड्यासारखी स्टीलची मोठी पिंपं होती. एकाचं झाकण उघडलं होतं, त्यातून धूर सांडत होता आणि जाड हातमोजे घातलेला माणूस आत वाकून काही शोधत होता.

"जिवंत आहेत?" तिनं विचारलं.

"गोठलेल्या आहेत. कोमट केल्या तर जाग्या होतील."

"किती दिवस राहतात अशा?"

"कितीही वर्षं."

तिनं कपाळ काचेला टेकलं. काच थंड होती. "म्हणजे ते गेले आणि ह्या आहेत," ती म्हणाली. "फेकून दिल्या तर?"

"तुम्ही म्हणाल तर देऊ. नाहीतर आम्ही लॅबमध्ये वापरू. मास्तरांना इतका त्रास का झाला ते अजून पुरतं उमगलेलं नाही. त्यांच्या आणि यांच्या पेशी शेजारी ठेवून बघायच्यात."

"मास्तर कसे आहेत?" तिनं विचारलं, आणि स्वतःच दचकली. कितीतरी दिवसांनी तिनं हा प्रश्न उच्चारला होता, आणि या वेळी त्याच्या पाठीमागे कुठलीच रांग नव्हती.

"एक गाठ लहान झाली होती. आता पुन्हा वाढतेय. थकलेत. मुलगी सुट्टीवर आहे."

तिला बरं वाटलं नाही. वाईटही हवं तेवढं वाटलं नाही. मनात कुठेतरी एक कोपरा म्हणाला की चला, त्यांनाही शेवटी नाहीच लाभलं, आणि त्या कोपऱ्याची तिला शिसारी आली. तिनं पेन मागितलं. वापरा, असं लिहिलेल्या ओळीखाली सही करताना ती म्हणाली, "काही कळलं तर मला सांगाल?"

"कळायला वर्षं लागतील. आणि कदाचित काहीच कळणार नाही."

"तरी सांगा."

बाहेर आली तर बाकावर एक जोडपं बसलं होतं. माणूस गुडघ्यांवर कोपरं टेकून खाली बघत होता, पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळलेला. बायकोच्या मांडीवर रिपोर्टांची जाड पिशवी. ती बाई चटकन सरकली, जागा करून म्हणाली, "बसा ना ताई. तुमचे मिस्टर पण याच ट्रीटमेंटला आहेत का?"

"होते. गेले."

त्या बाईचा चेहरा एकदम पडला. माणसानं मान वर केली. तिला वाटलं, जीभ झडायला हवी होती माझी. ती बाकावर बसली.

"त्यांना ते दिलंच नव्हतं हो," ती घाईघाईनं म्हणाली. "द्यायच्या आधीच कावीळ झाली. त्यामुळे माझ्यावरून काही धरू नका."

"मग ज्यांना दिलं ते?"

"एकाला दिलं. तो आहे अजून."

"बरा आहे?"

बरा आहे, असं म्हणणं किती सोपं होतं. ती बाई तोंडाकडे बघत होती, ओठ अर्धवट उघडे ठेवून. कधीकाळी डॉक्टरबाईंसमोर ती स्वतःही अशीच बसली असणार.

"आहे," ती म्हणाली. "बरा नाही. पण आहे."

बाईनं मान हलवली, जणू हे तिला आधीच ठाऊक होतं. "आम्ही काय करावं, ताई?" तिनं हळू विचारलं, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. तो दोन वितींवर बसला होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

तिनं त्या बाईच्या मांडीवरची पिशवी घेतली, घसरत होती ती नीट केली आणि आपल्याजवळ धरून बसली. नर्सनं नाव पुकारलं तेव्हा ती परत दिली. दोघं आत गेली आणि दार लागलं. थोडा वेळ ती बाकावर एकटीच होती. दुपारची गिऱ्हाइकं यायची वेळ झाली होती, म्हणून उठली आणि बसस्टॉपकडे चालू लागली.